ब्राउझरच्या जोडअवजारांचा शेतकऱ्याला उपयोग
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावाबरोबर संगणकाचा विषय ठेवला, तेव्हा काहींनी विचारले, कपाशी आणि ज्वारी पिकवणाऱ्यांनी हे कशाला शिकायचे? आमचे उत्तर एवढेच आहे. माल विकताना समोरच्याला भाव माहीत असतो आणि आपल्याला नसतो. खेडा खरेदीला आलेला व्यापारी खिशात फोन घेऊन येतो. फोन आपल्याही खिशात आहे. फरक आहे तो फोनमध्ये काय पाहायचे आणि कशाने पाहायचे, याचा.

इंटरनेटवरची पाने ज्यातून दिसतात, त्याला ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स ही त्यांची नावे. ब्राउझर म्हणजे बैलजोडी समजा. जोडी तीच, पण तिला कधी वखर जुंपतो, कधी तिफण, कधी डवरा. तशी ब्राउझरलाही अवजारे जोडता येतात. त्यांना ॲड-ऑन किंवा एक्स्टेन्शन म्हणतात. बहुतेक फुकट मिळतात. त्यातली आपल्या कामाची चार आज सांगायची आहेत.

पहिले अवजार तण काढायचे. पीक विम्याचा अर्ज शोधायला बसले की पहिल्यांदा जाहिराती येतात. त्यात 'येथे दाबा' अशी मोठी बटणे असतात आणि खरे बटण कोपऱ्यात दडलेले असते. चुकीचे बटण दाबून आधारचा आणि बँकेचा नंबर भलत्याच्या हाती जातो. यूब्लॉक ओरिजिन नावाचे अवजार या जाहिराती पानावर येऊच देत नाही. रेमंड हिल यांनी ते २०१४ साली लोकांपुढे ठेवले आणि ते आजही देणगीसुद्धा मागत नाहीत. त्याची संगणकीय घडण उघडी आहे, कोणीही तपासावी. पण तण काढले म्हणजे बियाणे अस्सल होत नाही. सरकारी पानाचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असा संपतो की नाही, हे डोळ्यांनी पाहायचेच. आणि अनुदानाच्या नावाने व्हॉट्सॲपवर एपीके फाइल आली, तर ती उघडायची नाही.

दुसरे अवजार राखणदाराचे. आपला भाव पुष्कळदा शेतात किंवा बाजारात ठरत नाही, दिल्लीच्या एका कागदावर ठरतो. ५ मार्च २०१२ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाच्या एका अधिसूचनेने कापसाची निर्यात बंद झाली. ओरड झाल्यावर काही दिवसांत बंदी मागे घ्यावी लागली, पण त्या दिवसांत ज्याने घाबरून माल विकला, त्याचा तोटा कोणी भरून दिला नाही. २०२५ साली १९ ऑगस्टपासून कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ झाले. आधी मुदत ३० सप्टेंबरची होती, मग ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. तेव्हा आपली पऱ्हाटी पात्या-फुलांवर होती. असे आदेश सरकारच्या पानांवर उघड लावलेले असतात. पण रोज तिथे जाऊन पाहणार कोण? डिस्टिल नावाचे अवजार हे काम करते. कोणत्या पानाच्या कोणत्या भागावर नजर ठेवायची ते एकदा सांगून ठेवले, की तिथे बदल होताच ते आपल्याला कळवते. गिरणीवाल्याला आदेश ज्या दिवशी कळतो, त्याच दिवशी तो आपल्यालाही कळला पाहिजे.

तिसरे अवजार पंचनाम्याचे. इंटरनेटवरचे पान आज एक असते आणि उद्या दुसरे. योजनेच्या अटी बदलतात, यादीतली नावे गळतात आणि मग कचेरीत उत्तर मिळते, 'असे कधी लिहिलेच नव्हते.' अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला इंटरनेट अर्काइव्ह नावाची संस्था १९९६ पासून जगभरच्या पानांच्या प्रती जपून ठेवते. २००१ पासून त्या प्रती वेबॅक मशीनवर कोणालाही पाहता येतात. तिचे ॲड-ऑन जोडले की समोरचे पान साठवायला सांगता येते आणि त्या प्रतीवर दिवस आणि वेळ पडते. ती तारीख तिसऱ्याने घातलेली असते, म्हणून तिला वजन. मात्र ओटीपी टाकून उघडणारी पाने अशी साठत नाहीत. तिथे पान छापून तारखेसह फाइलला लावावे. आणि आपल्या बँकेचे, आधारचे पान कधीही असे साठवायला देऊ नये.

चौथे अवजार भाषेचे. गूगलचे यांत्रिक भाषांतर २०१३ पासून मराठीत होते. क्रोममध्ये ते आतच असते, फायरफॉक्सला वेगळे ॲड-ऑन जोडता येते. त्याने न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराची बातमी मराठीत वाचता येते. पण यंत्राच्या भाषांतरावर डोळे झाकून विसंबायचे नाही. तिथला कापूस म्हणजे रुई. आपण विकतो तो सरकीसकट कापूस. तिथला भाव असतो एका पौंडाला, अमेरिकन सेंटमध्ये.

हिशेब करून पाहू. समजा, भाव ७० सेंट आहे आणि डॉलर ८५ रुपयांना. आपल्या एका क्विंटलातून ३४ किलो रुई निघाली, तर ती झाली सुमारे ७५ पौंड. तिचे साडेबावन्न डॉलर, म्हणजे ४,४६२ रुपये. उरली ६५ किलो सरकी. ३० रुपये किलोने तिचे १,९५०. एकूण ६,४१२ रुपये, आणि त्यातून जिनिंग, वाहतूक वजा. २०२५-२६ चा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० रुपये होता. म्हणजे हा हिशेब दर वेळी आपल्या बाजूने लागेलच असे नाही. कधी अडत्या लुबाडतो, कधी जगाचाच बाजार पडलेला असतो आणि अमेरिकेतल्या शेतकऱ्यामागे तिथल्या सरकारचा पैसा असतो. पण भांडण कोणाशी करायचे हे आकड्यावरून ठरते. आकडा नसला की आपण मापाड्याशी भांडत बसतो आणि दिल्ली सुटून जाते.

ज्वारीचा बाजार न्यूयॉर्कला नाही. तिच्यासाठी ॲगमार्कनेटचे पान पाहावे. बाजार समितीची आवक आणि किमान, कमाल व सर्वसाधारण भाव तिथे दिलेले असतात. संकरित ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव ३,६९९ रुपये होता. शेजारच्या दोन-तीन बाजारांतले भाव त्याच्याशी ताडून पाहावेत आणि मगच गाडी जुंपावी.

आता सावधगिरीची गोष्ट. ॲड-ऑन जोडताना ते विचारते, 'सर्व पाने वाचू का?' हो म्हणणे म्हणजे जवळजवळ कोऱ्या कागदावर अंगठा देणे. ग्रेट सस्पेंडर नावाचे एक चांगले ॲड-ऑन वीस लाखांवर लोक वापरत होते. २०२० साली ते विकले गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक म्हणून गूगलला ते बंद करावे लागले. अवजार तेच होते, मालक बदलला होता. म्हणून मोजकीच अवजारे जोडा, अधिकृत भांडारातूनच घ्या आणि बँकेचे काम ज्या ब्राउझरमध्ये करता, त्यात एकही जोडू नका.

आणि शेवटी स्वातंत्र्याची गोष्ट. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि १९९३ साली संस्थेने ते तंत्रज्ञान जगाला मोफत खुले केले. म्हणून आज ते आपल्यापर्यंत पोचले. पण खुल्या रानालाही कुंपणे पडतात. क्रोमने नियम बदलले आणि २०२४-२५ मध्ये जुने यूब्लॉक ओरिजिन तिथे चालेनासे झाले. गूगलने कारण सुरक्षिततेचे दिले. गूगलची कमाई मात्र जाहिरातींची आहे, हेही आपण ध्यानात ठेवावे. फायरफॉक्सवर ते अवजार चालते, अँड्रॉइड फोनवरसुद्धा. फोनवरच्या क्रोमला ॲड-ऑन जोडता येत नाहीत. एका बाजारात अडवणूक झाली तर गाडी दुसऱ्या बाजाराकडे वळवता आली पाहिजे, हे आपण शेतमालाबद्दल इतकी वर्षे सांगत आलो. तंत्रज्ञानालाही तोच न्याय.

तेव्हा पुढच्या बैठकीपर्यंतचा कार्यक्रम असा. प्रत्येक गावाने आपल्यातला एक मुलगा किंवा मुलगी या कामाला नेमावी. आठवड्यातून दोनदा तीन बाजारांतले भाव वहीत उतरवावेत आणि चावडीच्या फळ्यावर लिहावेत. गावाला लागू असलेल्या योजनांची पाने तारखेसह साठवावीत. पुढच्या बैठकीला येताना ती वही बरोबर आणावी. मागणीच्या निवेदनाला तिचीच पाने जोडू.