मोटारीचा तळ आणि आबांचे पाय



गेल्या वैशाखात आमच्या आबांना तपासणीसाठी बार्शीहून सोलापूरला न्यायचे होते. मोटारीत बसले की वहाणा काढून ठेवायच्या, हा आबांचा शिरस्ता. सोलापुरास उतरल्यावर पाहतो तो त्यांच्या तळपायाला रुपयाएवढा फोड! मी म्हणालो, "आबा, भाजत होतं तर बोलला का नाहीत?" ते शांतपणे म्हणाले, "भाजलेलं कळलं असतं तर बोललो नसतो का?" मधुमेहाने त्यांच्या पायांची संवेदना गेलेली आहे, हे मला ठाऊक होते, पण मोटारीचा तळ इतका तापतो, हे ठाऊक नव्हते.

घरी येऊन मी गालिचा उचलला. खाली जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा पोलादी पत्रा आणि त्याच्याखालून जाणारी सायलेन्सरची नळी. इंजिनातून निघणारा धूर काही शे अंश सेल्सियस इतका तापलेला असतो. म्हणून नळी आणि तळ यांच्यामध्ये पत्र्याचे एक कवच असते. आमच्या मोटारीचे ते कवच गंजून गळून पडले होते!

तरीही मी आधी चूकच केली. बाजारातून रबराचे जड, चिकट तक्ते आणून तळाला लावले. मोटार घुमायची थांबली. मला वाटले, काम झाले. पण पत्रा तापायचा तो तापतच राहिला.

असे का व्हावे? शिक्षक बंधुभगिनींना एक आठवण करून देतो. पत्र्याच्या छपराची शाळा घ्या. उन्हाळ्यात ती भट्टीसारखी तापते आणि पावसाळ्यात इतकी कडाडते, की शिकवणे बंद ठेवावे लागते. पत्रा एकच, पण दुखणी दोन, आणि त्यांची औषधेही दोन.

आवाज म्हणजे पत्र्याचे थरथरणे. शाळेच्या घंटेवर टोल देऊन लगेच तिला तळहात लावा. नाद तिथेच विरतो. रबराचा तक्ता पत्र्याच्या बाबतीत या तळहाताचेच काम करतो. सबंध तळ मढवण्याचीही गरज नसते. मोठ्या सपाट भागांच्या मध्यावर तो नीट चिकटला, तरी पुष्कळ फरक पडतो.

उष्णतेचे तसे नाही. तिला अडवते ती कोंडलेली हवा. गोधडीची ऊब आणि गवती छपराचा गारवा, दोन्ही या हवेचीच करामत. पोलादातून उष्णता जितकी वाहते, तिच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी ती चांगल्या फोममधून वाहते. म्हणून रबरावर बोटभर जाडीचा फोम घालावा. मात्र तो पाणी न शोषणारा आणि सहज पेट न घेणारा असावा. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा वर्ख उष्णता परतवतो खरा, पण त्याच्यासमोर मोकळी हवा असेल तरच. दोन थरांत दाबून बसवलेला वर्ख ते काम करीत नाही. त्याची खरी जागा खाली, नळीसमोरच्या कवचावर.

हे काम करणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो. पहिली, तळ एकाएकी तापू लागला तर आधी नळी आणि कवच तपासावे. नळी फुटली असेल तर विषारी धूर आत येतो. गालिच्याखाली कितीही थर घातले, तरी तो दोष जात नाही, फक्त झाकला जातो. दुसरी, तळ पुसून खडखडीत वाळवावा. ओल कोंडली की गंज धरलाच. पाण्याच्या निचऱ्याची बुचे झाकू नयेत. तिसरी, घराच्या छपराचे डांबरी कापड स्वस्त मिळते म्हणून वापरू नये. ते तापले की पाघळते आणि वास मारते. चौथी, आसनाखालच्या पिवळ्या जोडाच्या तारा एअरबॅगच्या असतात. आसन काढायचे असेल तर ते जाणत्या मेकॅनिककडूनच काढून घ्यावे.

मी नवे कवच बसवले, फोम घातला आणि वर गालिचा अंथरला. यंदा आबांना पुन्हा सोलापूरला नेले. वाटेत दोनदा थांबून मी गालिच्यावर माझा स्वतःचा तळहात ठेवून पाहिला. तो सुखाने टेकत होता.

"आता काय बघतोस?" आबांनी विचारले.

ज्याला चटका कळत नाही, त्याच्यासाठी तो दुसऱ्या कुणीतरी जाणून घ्यावा लागतो, हे मी त्यांना सांगितले नाही. आपल्याला मात्र आवर्जून सांगतो. आपल्याही घरी असे पाय असतील, तर मोटारीत वहाणा काढू देऊ नका. आणि निघण्यापूर्वी एकदा गालिचा उचलून पाहा.