फुलपाखरू आणि बाळाचा जीव

कवी फुलपाखरावर बोलणार म्हटल्यावर फुलं, रंग आणि वसंत ऋतू आलाच, असं तुम्हाला वाटलं असेल. आज मात्र मी बोलणार आहे ते फुलपाखराच्या आनुवंशिकतेवर. ही गोष्ट दारातल्या कढीपत्त्यावरून निघते आणि बाळंतिणीच्या खाटेपाशी पोचते.

कढीपत्त्यावर किंवा लिंबाच्या झाडावर ‘कॉमन मॉर्मन’ नावाचं काळं फुलपाखरू अंडी घालायला येतं. याचा नर एकाच वेशात असतो. काळे पंख आणि मागच्या पंखांवर पांढुरक्या ठिपक्यांची ओळ. मादी मात्र आपल्याकडे तीन वेशांत भेटते. एक नरासारखीच. दुसरी ‘कॉमन रोझ’ या वेगळ्याच फुलपाखरासारखी, आणि तिसरी ‘क्रिमझन रोझ’सारखी. ही दोन्ही रोझ फुलपाखरं सापसंदाच्या कुळातल्या वेलींवर वाढतात आणि वेलीचं विष त्यांच्या अंगात उतरतं. एकदा तोंड पोळलेला पक्षी पुन्हा त्यांच्या वाटेला जात नाही. मॉर्मनची मादी काही विषारी नसते. तिने फक्त विषारी बाईचा शालू नेसलेला असतो. नीट पाहिलं तर सोंग कळतं, कारण खऱ्या रोझचं अंग लाल आणि हिचं काळंच. पण घाईतला पक्षी अंग पाहत नाही, वेश पाहतो. माणसांतही हे होतं, ते मी वेगळं सांगायला नको.

या तऱ्हेतऱ्हेच्या माद्या एकाच जातीच्या आहेत, हे आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६५ साली मांडलं. पण एकाच आईच्या लेकी निरनिराळ्या वेशात कशा जन्मतात? ठिपके, पट्टे, लाली हे सगळं अर्धवट न मिसळता अख्खं गाठोडं बांधल्यासारखं पुढच्या पिढीत कसं जातं? या प्रश्नाच्या मागे लागलेल्यांत लिव्हरपूलचे एक डॉक्टर होते, सिरिल क्लार्क. दवाखान्यातून मोकळे झाले की फुलपाखरं पाळायची, हा त्यांचा छंद. नर आणि मादी चिमटीत धरून हाताने त्यांची जोडी जुळवायची आणि पिल्लांचे वेश मोजायचे. फिलिप शेपर्ड या आनुवंशशास्त्रज्ञाची साथ मिळाली आणि १९५०च्या दशकात छंदाचं संशोधन झालं. एकत्र बांधलेल्या गुणांच्या त्या गाठोड्याला शास्त्रज्ञ ‘सुपरजीन’ म्हणतात.

आता क्लार्क पडले डॉक्टर. माणसाच्या रक्तातला आर-एच गटही अशाच गाठोड्याने आईबापांकडून मुलांकडे जातो, असं तेव्हा मानलं जाई. साहजिकच फुलपाखरांवरून त्यांचं लक्ष रक्तगटाकडे वळलं. तिथे एक जुनं दुखणं वाट पाहत होतं.

आई आर-एच निगेटिव्ह आणि पोटातलं बाळ पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात बाळाच्या रक्तपेशी आईच्या रक्तात शिरू शकतात. आईचं शरीर त्यांना परकं समजतं आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. पहिलं मूल बहुधा सुखरूप असतं. पण पुढच्या खेपेला तीच प्रतिपिंडं गर्भातल्या बाळाच्या रक्तपेशी फोडतात. बाळाला रक्तक्षय होतो, कडक कावीळ होते, कधी ते पोटातच दगावतं. एक मूल होऊन नंतरची हाती न लागलेल्या किती बायकांनी यापायी बोल ऐकले असतील!

क्लार्क आणि रोनाल्ड फिन प्रभृती त्यांचे सहकारी एका जुन्या निरीक्षणाने विचारात पडले. आईचा गट ‘ओ’ आणि बाळाचा ‘ए’ असेल, तर आर-एचचा हा उपद्रव क्वचितच होतो. कारण आईच्या रक्तात ‘ए’विरुद्धची प्रतिपिंडं आधीपासूनच असतात. ती बाळाच्या पेशींचा लगेच निकाल लावतात आणि शरीराला आर-एचची ओळख पटायला वेळच उरत नाही. मग हेच काम आपण मुद्दाम केलं तर? दात्यांच्या रक्तातून मिळवलेली तयार प्रतिपिंडं बाळंतिणीला टोचली तर? लिव्हरपूलमध्ये आधी निगेटिव्ह गटाच्या स्वयंसेवक पुरुषांवर प्रयोग झाले. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्येही एक चमू स्वतंत्रपणे त्याच उत्तरापाशी आला. १९६८ साली अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. प्रसूतिगृहांत आज ‘अँटी-डी’ म्हणतात, ते हेच इंजेक्शन. पूर्वी अशा शंभर आयांपैकी साधारण सोळाजणींच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होत. बाळंतपणानंतर बहात्तर तासांत इंजेक्शन दिल्यावर ते प्रमाण दीड-दोनवर आलं.

फुलपाखरांना मात्र क्लार्क विसरले नाहीत. आपल्या कॉमन मॉर्मनच्या माद्यांवरचा क्लार्क-शेपर्ड यांचा निबंध १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्या गाठोड्यात काय आहे, हे उलगडलं २०१४ साली. ‘एका रानवेड्याची शोधयात्रा’ या पुस्तकामुळे मराठी वाचकांना ठाऊक असलेले कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की हा सगळा खेळ ‘डबलसेक्स’ नावाच्या एका जनुकाचा आहे. कीटकाचं शरीर नराचं की मादीचं, हे ठरवण्याचं काम मुळात याच जनुकाकडे. नकलाकार माद्यांत गुणसूत्राचा तेवढा तुकडा उलटा बसलेला असतो. उलट्याची सुलट्याशी सरमिसळ होत नाही, म्हणून वेश न विसकटता लेकीकडे जातो. बापही तो तुकडा वाहतो, स्वतः मात्र तो वेश नेसत नाही. उत्क्रांतीने नवं दुकान मांडलं नाही; घरातल्याच जुन्या जनुकाला नवं काम दिलं.

पिल्लांचे ठिपके मोजत बसलेल्या क्लार्कना ‘याचा उपयोग काय?’ असं विचारून कुणी उठवलं असतं, तर? उपयोग त्यांनाही तेव्हा सांगता आला नसता. मला वाटतं, कुतूहलाकडे पावती मागू नये, ती याचसाठी.

आपल्याकडे शंभरात साधारण पाचजण आर-एच निगेटिव्ह असतात. घरात कुणी गरोदर असेल, तर तिचा रक्तगट आधीच तपासून घ्या आणि तो निगेटिव्ह निघाला तर डॉक्टरांना इंजेक्शनबद्दल विचारा. आणि कढीपत्त्याची चार पानं अळीने कुरतडलेली दिसली, तर लगेच औषध मारू नका. तेवढी पानं तिला असू द्या.