शंकरपटाचें चित्रण आणि रुंद कोनाचें भिंग

वऱ्हाडांत पौष-माघाच्या सुमारास शेतें मोकळीं होऊं लागलीं, कीं शंकरपटाचे दिवस येतात. अमरावती जिल्ह्यांतील तळेगांव दशासरच्या पटाचें नांव सर्वतोमुखीं आहे. वाशीम जिल्ह्यांतील शेतकऱ्यासहि आपल्या जोडीचा अभिमान तितकाच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निर्णयानें ह्या शर्यती बंद पडल्या. डिसेंबर २०२१ मध्यें त्यांस सशर्त मुभा मिळाली व मे २०२३ मध्यें घटनापीठानें महाराष्ट्राचा कायदा वैध ठरविला. आतां पटाच्या कडेला प्रेक्षकांबरोबर कॅमेरेहि उभे असतात. आणि कोणतें भिंग घ्यावें, हा प्रश्न खेड्यांतील तरुणापुढेंहि येऊन ठेपला आहे.

श्रोतेहो, धांवत्याचें चित्र धांवत घ्यावें, ही हौस नवी नाहीं. १९६९ सालच्या जेम्स बाँडच्या चित्रपटासाठीं विली बोग्नर ह्या जर्मन स्कीपटूनें बर्फाच्या उतारावरून उलट तोंडानें घसरत, हातांत कॅमेरा धरून चित्रण केलें. पुढें गॅरेट ब्राउन ह्यानें स्टेडिकॅम नांवाचें साधन सिद्ध केलें. १९७६ मध्यें त्याचें काम पडद्यावर दिसलें. आज एका हातानें पेलणारा, मोटारींवर चालणारा गिंबल पुष्कळ अंशीं तेंच कार्य करितो.

गिंबलाची मर्यादा मात्र ओळखली पाहिजे. कॅमेरा कलला, वळला किंवा खालीं झुकला, तर तीन अक्षांवरील मोटारी त्यास तत्क्षणीं सरळ करितात. परंतु चालतांना सबंध देहच वरखालीं होतो, आणि तो हेलकावा त्या मोटारींच्या आवांक्याबाहेरचा आहे. म्हणून गुडघे किंचित् वांकवून मऊ पावलें टाकावीं लागतात. रुंद कोनाच्या भिंगांत सर्वच वस्तु लहान दिसत असल्यामुळें उरलेला हेलकावाहि लहान दिसतो. ह्याच गुणासाठीं बर्फावरील चित्रकारांस असें भिंग प्रिय असतें.

आतां थोडा हिशेब पाहूं. छत्तीस मिलिमीटर रुंद संवेदकाच्या कॅमेऱ्यावर १६ मिलिमीटरचें भिंग सुमारें ९७ अंशांचें आडवें दृश्य सामावून घेतें. २४ चें ७४, ३५ चें ५४ आणि ५० चें ४० अंशांचें. वीस मीटर अंतरावर १६ च्या भिंगांत ४५ मीटर रुंदीचें दृश्य मावतें. दोन मीटर रुंदीची बैलजोडी त्यांत चौकटीचा बाविसावा हिस्सा व्यापते. ५० च्या भिंगांत तीच जोडी सातवा हिस्सा व्यापते.

मोह उत्पन्न होतो तो येथेंच. जोडी मोठी दिसावी म्हणून चित्रकार पुढें सरकतो; आणि रुंद भिंग अंतर वाढवून दाखवीत असल्यामुळें, बैल अजून दूर आहेत असेंच त्यास वाटत राहतें. बर्फावर चित्रकार व खेळाडू एकाच दिशेनें, जवळजवळ एकाच वेगानें जातात, आणि दोघांचा संकेत आधीं ठरलेला असतो. पटांत जोडी समोरून अंगावर येते. तिच्याशीं कोणताहि संकेत करतां येत नाहीं. बैल बुजून बाजूला वळला, तर चित्रकारच नव्हे, तर धुरकरी, प्रेक्षक व स्वतः बैलहि संकटांत सांपडतात.

म्हणून कामाची वांटणी करावी, हें उत्तम. धांव चालू असतां कठड्याच्या बाहेर उभें राहून ५० किंवा त्याहून लांब पल्ल्याचें भिंग वापरावें. धांवेपूर्वीं व धांवेनंतर, जोडीचा साज, धुरकऱ्याची लगबग आणि गर्दीचा उत्साह टिपण्यास गिंबलावर रुंद भिंग चढवावें. असें एकच घेणें शक्य असेल, तर २४ च्या आसपासचें घ्यावें. १६ च्या भिंगांत कडेचे चेहरे ताणले जातात. लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यावर मात्र १६ चेंच भिंग २४ चें काम देतें.

भिंग हलकें असावें. झूम करतांना जें लांब होतें, त्यानें गिंबलाचा तोल बिघडतो. समोरची कांच फार फुगीर असल्यास नेहमींचा फिल्टर बसत नाहीं, आणि काळ्या मातीच्या धुळींत ती कांच उघडी पडते. उन्हासाठीं फिरता काळा फिल्टर लावल्यास अतिरुंद दृश्यांत काळी फुली उमटते. तेथें एकाच गडदपणाचा फिल्टर बरा. स्पष्टतेची चिंता मात्र नको: १६ चें भिंग आठाच्या छिद्रावर ठेवून सुमारें एक मीटरवर नेमलें, कीं अर्ध्या मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व रेखीव येतें.

भिंगाची किंमत रुपयांत मोजतां येते. चुकीच्या जागीं उभें राहण्याची नाहीं. हुकलेलें चित्र पुढल्या पटांत मिळेल. जायबंदी झालेला बैल मात्र धन्याच्या औताला पुन्हां जुंपतां येईलच, असें नाहीं.