उष्ण व कोरड्या हवेतील टोमॅटो : वाणांची तुलना कशी करावी?

(बेळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडील कोरडवाहू भागातील शेतकरी व शिक्षक यांच्या मेळाव्यात उद्यान विभागाच्या अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आमच्या विभागाकडे येणारे शेतकरी बहुधा एकच प्रश्न विचारतात, "साहेब, टोमॅटोचा सर्वांत चांगला वाण कोणता?" या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. वाण चांगला की वाईट हे जमीन, पाणी आणि लागणीचा महिना यांवर ठरते. ते न पाहता केलेल्या निवडीत बियाण्याचे, खताचे व मजुरीचे पैसे जातात आणि एक हंगामही हातचा जातो.

आपल्या भागात दोन अडचणी एकत्र येतात. एक पाण्याची ओढ आणि दुसरी उष्णता. या दोन्ही गोष्टी आपण एकच समजतो, पण त्या भिन्न आहेत. पाण्याच्या ताणात तग धरणारा वाण उन्हाळ्यात फळ धरीलच असे नाही. दिवसाचे तापमान 35 अंशांच्या पुढे गेले आणि रात्रही उबदार राहिली, की परागकण निकामी होतात व फूल गळते. हे नुकसान फूल उमलण्यापूर्वीच, कळीतच झालेले असते. अशा वेळी नुसते पाणी वाढवून फुलगळ पूर्णपणे थांबत नाही. तीव्र उष्णतेत फळाला लाल रंगही नीट चढत नाही, ते पिवळट राहते.

आता वाणांकडे वळू. बेंगळुरूजवळील हेसरघट्टा येथील भारतीय बागवानी अनुसंधान संस्थेचे तीन वाण उदाहरणादाखल घेऊ. 'अर्का विकास' हा सुधारित वाण 80 ते 90 ग्रॅमची फळे देतो व पाण्याचा ताण बऱ्यापैकी सोसतो. 'अर्का मेघाली' हा खास कोरडवाहू लागवडीसाठी काढलेला असून त्याचे फळ सुमारे 65 ग्रॅमचे असते. 'अर्का रक्षक' हा संकरित वाण आहे. पाने मुरडणारा विषाणुजन्य रोग, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना तो प्रतिकार करतो. याखेरीज दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेचा 'पुसा सदाबहार' हा वाण रात्रीच्या कमी तसेच जास्त तापमानातही फळ धरण्याच्या गुणासाठी निवडलेला आहे.

संस्थेने दिलेले हेक्टरी उत्पादनाचे आकडे असे आहेत : मेघाली 18 टन, विकास 35 ते 40 टन आणि रक्षक 75 ते 80 टन. हे वाचून कोणीही रक्षककडेच वळेल. परंतु मेघालीचा आकडा पावसाच्या पाण्यावरचा आहे, तर रक्षकचा आकडा पुरेसे पाणी, खत आणि आधार मिळालेल्या पिकाचा आहे. कोरडवाहू रानात रक्षक लावून 75 टनांची आशा धरणे व्यर्थ होय. शिवाय संकरित वाणाचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. सुधारित वाणाचे बी नीट निवड करून घरी राखता येते.

म्हणून माझी सूचना अशी, की प्रथम एका गुंठ्यात तुलना करावी. चार वाणांची रोपे एकाच दिवशी गादीवाफ्यावर टाकावीत व एकाच दिवशी लावावीत. प्रत्येक वाणाच्या तीन ओळी असाव्यात, पण त्या लागोपाठ न लावता रानात निरनिराळ्या ठिकाणी विखराव्यात, म्हणजे जमिनीचा चढउतार एकाच वाणाच्या वाट्याला येणार नाही. ओळीत 15 रोपे ठेवावीत. 75 सेंटिमीटर बाय 60 सेंटिमीटर अंतराने ही 180 रोपे एका गुंठ्यात सहज बसतात. पाणी आणि खत सर्वांना सारखेच द्यावे.

नोंद कशाची ठेवावी? प्रत्येक ओळीतील पाच झाडांना खूण करून किती फुले आली व त्यांतून किती फळे धरली ते मोजावे. बोकड्या आलेली झाडे मोजावीत. प्रत्येक तोडणीचे वजन घ्यावे. उन्हाने भाजलेली, तडकलेली व तळाशी काळी पडलेली फळे वेगळी तोलावीत. मात्र फळाचा तळ काळा पडणे हा दोष पुष्कळदा अनियमित पाण्यामुळे येतो. तो एकट्या वाणाच्या माथी मारू नये.

शिक्षकबंधूंना विनंती, की कमाल-किमान तापमापक शाळेत लावून रोजची नोंद मुलांकडून ठेवून घ्यावी. फुलगळीचे दिवस आणि उबदार रात्री शेजारी मांडल्या, की कारण मुलांनाही उमगेल.

पहिल्या तोडणीच्या मोठ्या फळावर भुलू नका. सर्व तोडण्यांची विक्री मांडा, त्यातून बी, खत, औषध व मजुरी वजा करा आणि जे उरेल त्यावरून वाण ठरवा. पावसाळी लागणीला एक आणि उन्हाळी लागणीला दुसरा, असा निकाल निघाला तर नवल मानू नका. एका गुंठ्यातली चूक सोसता येते, चार एकरांतली चूक कर्जात नेते.