स्वयंचलित फ्लश : बसविणे आणि सांभाळणे

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात देखभाल समितीच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी नव्या यंत्रसामग्रीची माहिती दिली जाते. शस्त्रक्रियागृह, डायलिसिस विभाग, प्रयोगशाळा यांविषयी बोलताना वक्त्यास अभिमान वाटतो आणि श्रोत्यांसही समाधान लाभते. आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत, तो चारचौघांत काढण्यास संकोच वाटावा असा आहे. आपल्या स्वच्छतागृहांत बसविलेल्या स्वयंचलित फ्लशविषयी आम्हांस काही सांगावयाचे आहे. शस्त्रक्रियागृहात थोडेच रुग्ण जातात. स्वच्छतागृहात मात्र रुग्ण, त्याची पत्नी, त्याचा मुलगा, भेटीस आलेला शेजारी या सर्वांना जावे लागते. संस्थेची खरी ओळख त्यांना तेथेच होते.

आपणांपैकी अनेकांना स्मरत असेल की, एका कुटुंबाने आपल्या दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ बाह्यरुग्ण विभागाची आणि एका मजल्याची स्वच्छतागृहे नव्याने बांधून दिली. रुग्णालयात शेकडो हात एकाच कळीला लागतात, तो स्पर्श टळावा आणि कोणी पाणी न सोडता निघून गेल्यास पुढच्या माणसास त्रास होऊ नये, या सद्हेतूने तेथे सेन्सरचे फ्लश व्हॉल्व्ह बसविण्यात आले. उद्घाटन थाटात झाले. दारावर नामफलक लागला. त्यानंतर जे घडले ते प्रांजळपणे सांगणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम हे यंत्र काम कसे करते ते थोडक्यात पाहू. टाकीऐवजी थेट नळवाटेवर बसणारा फ्लश व्हॉल्व्ह काही नवा नाही. शिकागो येथील विल्यम स्लोन यांनी १९०६ साली तो प्रचारात आणला. त्याच्या पोटात एक रबरी पडदा असतो. पडद्याच्या वरच्या बाजूस साठलेल्या पाण्याचा दाब त्यास खाली दाबून ठेवतो. हा दाब क्षणभर मोकळा केला की पडदा उचलला जातो आणि पाणी जोराने भांड्यात येते. मग पडद्यातील एका बारीक छिद्रातून वरची पोकळी पुन्हा भरते आणि पडदा आपोआप बसतो. पूर्वी दाब मोकळा करण्यासाठी दांडी ओढावी लागे. सेन्सरच्या व्हॉल्व्हमध्ये ते काम एक विद्युतचुंबकीय झडप करते. भिंतीतील काळ्या काचेमागून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर पडतात. समोर माणूस असेल तर ते परावर्तित होऊन परत येतात. माणूस दूर झाला की काही सेकंदांनी झडप उघडते. विजेचा खर्च अत्यल्प असल्याने चार साध्या सेलवरही हे यंत्र दीर्घकाळ चालू शकते. भारनियमनाचा अनुभव घेतलेल्या आपल्यासारख्यांना ही सोय मोठी वाटली, यात नवल नाही.

एवढ्या वर्णनावरून जाणकारांच्या लक्षात आले असेल की, या यंत्राचे सारे भवितव्य एका बारीक छिद्रावर, एका रबरी पडद्यावर, एका काचेवर आणि चार सेलवर अवलंबून आहे.

आमची पहिली चूक बसवितानाच झाली. नव्या नळवाटेत कापकामाचा कीस, वाळू आणि सांध्यांवरच्या टेपचे तुकडे राहतात. व्हॉल्व्ह जोडण्यापूर्वी ती वाट पाणी सोडून पूर्ण धुऊन घ्यावी लागते. उद्घाटनाची तारीख जवळ आल्याने आम्ही घाई केली. पहिल्याच आठवड्यात तो कचरा छिद्रांत अडकला आणि काही व्हॉल्व्ह बंदच होईनात.

दुसरी चूक दाबाची. कमोडच्या फ्लश व्हॉल्व्हला पाणी वाहत असताना साधारण १ बार, म्हणजे सुमारे १० मीटर उंचीच्या पाण्याएवढा दाब आणि रुंद नळ लागतो. तळमजल्यावर तो मिळतो. वरच्या मजल्यावर, गच्चीवरची टाकी जेमतेम एका मजल्याच्या उंचीवर असताना, तो मिळत नाही. तेथे फ्लश होई, पण भांडे स्वच्छ होत नसे.

तिसरी चूक माणसांविषयीची होती आणि ती आम्हांस अधिक लागली. हे सेन्सर कमोडवर बसलेल्या माणसाची पाठ ओळखण्याच्या बेताने लावलेले असतात. आपल्याकडील अनेक रुग्णांना आणि नातेवाइकांना भारतीय पद्धतीच्या संडासाची सवय असते. खाली बसलेला माणूस सेन्सरच्या टप्प्यातच येत नाही. मग त्याच्या मागे पाणी सुटत नाही. वृद्ध रुग्ण कमोडवर पुढे वाकला की त्यास वाटते माणूस गेला, आणि मध्येच पाणी सुटते. लहान मुले त्या आवाजाने घाबरून रडतात. किरण शोषून घेणारे गडद कपडे, समोरची चकचकीत स्टीलची पट्टी, खिडकीतून थेट येणारे ऊन, या सर्वांनी सेन्सर फसतो. नातेवाईक बेडपॅन रिकामे करून बाजूला झाला, तर सेन्सरला कोणी आले होते हेच कळत नाही.

या चुका दुरुस्त होण्यासारख्या होत्या. परंतु आपल्या बोअरच्या जड पाण्याने आमचे काम वाढविले. क्षाराचा थर छिद्रांत आणि जाळ्यांवर बसू लागला. सेल संपले, तेव्हा ते बदलण्याचे काम कोणाचे हे ठरलेले नव्हते. प्लंबर म्हणे विजेचे काम, वायरमन म्हणे नळाचे. एकेक काळी काच मिटत गेली आणि प्रत्येक बंद व्हॉल्व्हखाली एक प्लॅस्टिकची बादली आणि मग येऊन बसला.

अशातच एका सकाळी परिचारिकेने आम्हांस बोलाविले. मुतखड्याची शस्त्रक्रिया झालेले एक गृहस्थ दाखल होते. भरपूर पाणी पिण्याची सूचना त्यांना डॉक्टरांनी वारंवार दिली होती. पण ते पाणी पीत नव्हते. त्यांच्या पत्नीने परिचारिकेला कारण सांगितले. आदल्या दिवशी त्यांना स्वच्छतागृहात नेले असता पाणी सुटले नाही. भिंतीवर ना दांडी, ना कळ. बाईंनी काचेपुढे हात हलवून पाहिले. बादली रिकामी होती. बाहेर रांग होती. दार उघडल्यावर पुढचा माणूस जे बोलला ते त्यांनी सांगितले नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "ताई, आम्ही घाण करणारी माणसं नाही हो. पुन्हा तिथं जायला नको म्हणून ते पाणीच घेत नाहीत."

स्वच्छतेसाठी बसविलेल्या यंत्रामुळे एक रुग्ण पाण्यास पारखा झाला होता आणि एका सुसंस्कृत कुटुंबास विनाकारण लाज सोसावी लागली होती. त्या दाराबाहेर नामफलक तसाच झळकत होता. पुढे काही दिवसांनी ज्यांनी देणगी दिली त्या कुटुंबातील एक सदस्य स्वतःच्या तपासणीसाठी आले, आणि त्यांनीही ती बादली पाहिली. त्यांनी तक्रार केली नाही. त्यांनी तक्रार केली असती तर आम्हांस बरे वाटले असते.

त्यानंतर समितीने प्रत्येक स्वच्छतागृहाची स्वतंत्र पाहणी केली आणि काही निर्णय घेतले. दाब कमी असलेल्या वरच्या मजल्यावरील कमोडचे सेन्सर काढून तेथे दोन कळींची साधी फ्लशची टाकी बसविली. भारतीय पद्धतीच्या संडासांवरील सेन्सरही काढले. बाह्यरुग्ण विभागातील युरिनलवर ते ठेवले, कारण तेथे गर्दी जास्त, पाणी कमी लागते आणि उभा माणूस सेन्सरला अचूक दिसतो. जेथे सेन्सर आहे तेथे हाताने दाबण्याची कळ असलीच पाहिजे, हा नियम केला. त्या कळीशेजारी "पाणी न आल्यास येथे दाबा" अशी मोठ्या अक्षरांतील पाटी आणि अक्षरओळख नसलेल्यांसाठी चित्र लावले. फ्लशची नळवाट पिण्याच्या पाण्यापासून पूर्णपणे वेगळी आहे याची खात्री करून घेतली.

देखभालीचे वेळापत्रक आता भिंतीवर लावलेले आहे. रोज सेन्सरची काच ओल्या मऊ कापडाने पुसावयाची. तिच्यावर ॲसिड कदापि पडू द्यावयाचे नाही. आठवड्यातून एकदा प्रत्येक व्हॉल्व्ह चालवून पाहावयाचा, म्हणजे फारसा वापर नसलेल्या ठिकाणी नळात पाणी साचून राहत नाही. महिन्यातून एकदा आधीचा कॉक बंद करून जाळी धुवावयाची. सेल संपण्याची वाट न पाहता ठरलेल्या तारखेस बदलावयाचे. रबरी पडद्यांचा एक संच नेहमी भांडारात शिल्लक ठेवावयाचा.

या कामात आमच्या सफाई विभागातील मावशी आणि मामा यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. व्हॉल्व्हचा आवाज बदलला, भांड्यात पाण्याची बारीक धार अखंड दिसू लागली, हे त्यांना आमच्या आधी कळते. पूर्वी ते सांगत आणि कोणी लिहून घेत नसे. आता नोंदवही त्यांच्याच ताब्यात आहे. बारीक धार ही किरकोळ बाब नव्हे. मिनिटाला १ लिटर पाणी गळणारा व्हॉल्व्ह दिवसाला १,४४० लिटर पाणी वाया घालवितो. १०० पर्यंत खाटांच्या रुग्णालयासाठी राष्ट्रीय इमारत संहितेने दर खाटेमागे दिवसाला ३४० लिटर पाणी धरले आहे. म्हणजे दुर्लक्षित राहिलेला एक व्हॉल्व्ह चार रुग्णांचे पाणी पिऊन टाकतो. उन्हाळ्यात टँकर मागविणाऱ्या संस्थेला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

काही हितचिंतक विचारतात की, मग सगळीकडेच, नळांनाही, सेन्सर का लावीत नाही? त्यांच्यासाठी एक उदाहरण देतो. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाने आपल्या सेन्सरच्या नळांची तपासणी केली आणि २०११ साली निष्कर्ष जाहीर केले. सेन्सरच्या नळांतील पाण्याच्या निम्म्या नमुन्यांत लिजिओनेला हे जंतू आढळले. साध्या नळांत हे प्रमाण १५ टक्के होते. आतील गुंतागुंतीच्या भागांत जंतूंना थारा मिळत असावा, असा तेथील तज्ज्ञांचा तर्क होता. त्या रुग्णालयाने आपल्या नव्या इमारतींतील रुग्णविभागांत साधे नळच बसविण्याचे ठरविले. आपल्या वॉर्डांत कोपराने उघडावयाचे नळ आम्ही कायम ठेवले आहेत ते याच विचाराने.

तसेच फ्लश आपोआप झाला म्हणजे हवा शुद्ध राहिली असे नाही. कोलोराडो विद्यापीठातील अभियंत्यांनी २०२२ साली हिरव्या लेझर प्रकाशात झाकण नसलेल्या फ्लश व्हॉल्व्हच्या कमोडचे चित्रण केले. फ्लश होताच उडालेले सूक्ष्म तुषार ८ सेकंदांत दीड मीटर उंचीपर्यंत पोहोचलेले त्यांना दिसले. म्हणून आमच्या वेळापत्रकात हवा बाहेर टाकणारा पंखा आणि दाराची कडी पुसणे यांनाही स्थान आहे. आणि फ्लशला हात लावावा लागला नाही म्हणून हात धुण्यातून कोणाचीही सुटका नाही, हे आपणा सर्वांस नम्रपणे सांगावेसे वाटते.

आता देणगीदारांना एक विनंती. नवी वस्तू देण्यात आनंद असतो. तिच्यावर नाव कोरता येते. रबरी पडद्यावर आणि सेलवर कोणाचे नाव कोरता येत नाही. त्यामुळे वस्तूसाठी देणगी मिळते आणि तिच्या पोटापाण्यासाठी मिळत नाही. यात देणगीदारांचा दोष नाही; आम्ही कधी तसे मागितलेच नाही. संत गाडगेबाबा गावात शिरत ते हातात खराटा घेऊन. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तन करावे, हा त्यांचा क्रम होता. एकदा झाडून गाव कायमचे स्वच्छ होत नाही, हे ते जाणत होते. म्हणून खराटा त्यांनी आयुष्यभर खाली ठेवला नाही. आम्हांसही आपल्याकडून तशाच, दरवर्षी थोड्या पण न चुकणाऱ्या साहाय्याची अपेक्षा आहे. यापुढे कोणतीही वस्तू स्वीकारताना तिच्या देखभालीची तरतूद त्याच वेळी विचारली जाईल, आणि देखभाल निधीचा हिशेब वार्षिक अहवालात स्वतंत्रपणे छापला जाईल. या दोन्ही गोष्टींस विश्वस्त मंडळाने मान्यता द्यावी, अशी विनंती आम्ही करतो.

रुग्णांच्या आप्तजनांनाही सांगणे आहे. आपणांस कोठे पाणी आले नाही, कोठे ते थांबले नाही, तर संकोच न करता परिचारिकेस किंवा मावशींना सांगावे. तो दोष आपला नसतो, यंत्राचा आणि आमचा असतो.

ते गृहस्थ पुढे बरे होऊन घरी गेले. जाण्यापूर्वी त्यांच्या पत्नीने त्याच स्वच्छतागृहातील नवी कळ दाबून पाहिली आणि पाणी आल्याचे परिचारिकेस आवर्जून कळविले. आमच्या नोंदवहीत तपासणी करणाऱ्याच्या रकान्यात त्या दिवशी 'रुग्णाची पत्नी' अशी नोंद आहे. ती नोंद आम्ही मुद्दाम तशीच ठेवली आहे.