धूर कोणाच्या नावावर लिहायचा?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

समोर बसलेल्या, काही डोंबिवलीतूनच चालत आलेल्या तर काही न्यू जर्सीहून उडत आलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

आयोजकांनी मला वीस मिनिटे दिली आणि विषय निवडायची मोकळीकही दिली. विषय शोधावा लागला नाही. तो आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तयारच होता. मे महिन्यात उकाड्यावरून बोलणे सुरू झाले आणि तिकडून कोणीतरी लिहिले, ‘कार्बन सोडणाऱ्या देशांत भारत तिसरा आहे, आधी आपल्याकडे बघा.’ इकडून लगेच उत्तर गेले, ‘एक अमेरिकन सात भारतीयांइतका धूर सोडतो, आधी तुमच्या गाड्या बघा.’ मग तिसऱ्याने चीनला मध्ये ओढले. दोन दिवस ग्रुप पेटला होता. शेवटी कोणाचा तरी वाढदिवस आला, केकचा फोटो पडला आणि शांतता झाली.

गंमत म्हणजे दोन्ही आकडे बरोबर होते. भांडण आकड्यांचे नव्हतेच. प्रश्न कोणता विचारायचा, याचे ते भांडण होते.

मी संगणक अभियंता आहे. निरनिराळ्या ठिकाणांहून आलेली माहिती एका तक्त्यात बसवणे हे माझे रोजचे काम. त्यातला पहिला धडा असा की दोन रकान्यांचे नाव एकच असले, म्हणून त्यांत एकच गोष्ट असेल असे नाही. देशादेशांची तुलना करतानाही आधी रकाने तपासावे लागतात.

सुरुवात एककापासून करू. कार्बनचा अणुभार १२, ऑक्सिजनचा १६, म्हणून कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४. हे बाईंनी आपल्याकडून घोटून घेतले होते, आणि ते आजही उपयोगी पडते. काही तक्ते नुसत्या कार्बनचे टन देतात, काही कार्बन डायऑक्साइडचे. दोन्हींत ३.६७ पटींचा फरक पडतो. पाऊण किलो वजनाचे एक लिटर पेट्रोल जाळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण ऑक्सिजनचे वजन हवेतून येऊन मिळते. एकक न बघता दोन तक्ते शेजारी ठेवले, तर तिथेच हिशेब चुकला.

आता पहिला रकाना, एकूण उत्सर्जनाचा. कोळसा, तेल, वायू आणि सिमेंट यांतून जग आज वर्षाला ३७ अब्ज टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडते. त्यात चीनचा वाटा सुमारे ३२ टक्के, अमेरिकेचा १३, भारताचा ८ आणि युरोपीय संघाचा ७. देश म्हणून मोजले तर आपला नंबर तिसरा. ‘वाढ थांबवायची तर कोणत्या देशांनी बदलल्याशिवाय चालणारच नाही?’ या प्रश्नाचे उत्तर हा रकाना देतो, आणि त्या यादीत आपण आहोत.

दुसरा रकाना दरडोई. अमेरिका सुमारे १४ टन, चीन ८ च्या पुढे, युरोपीय संघ साडेपाचच्या आसपास, जगाची सरासरी पावणेपाच, भारत २ टन. यादी इथे उलटीपालटी होते. जगाच्या लोकसंख्येत आपण १७-१८ टक्के आणि धुरात ८ टक्के. हा रकाना ‘वाटणी न्याय्य आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर देतो.

हा भागाकार आपोआप मान्य झालेला नाही, त्यासाठी वाद घालावा लागला. १९९० साली वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने एक यादी काढली. तिच्यात भारत आणि चीन पहिल्या पाचांत होते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये तिला सविस्तर उत्तर दिले. समुद्र आणि जंगले जो वायू शोषून घेतात, त्या शोषणक्षमतेवर प्रत्येक माणसाचा सारखा हक्क धरला तर यादी कशी पालटते, हे त्यांनी दाखवले. आणखी एक भेद त्यांनी केला. भात पिकवणाऱ्याच्या शेतातून निघणारा वायू हे जगण्यासाठीचे उत्सर्जन, आणि गाडी उडवणाऱ्याचे ते चैनीचे. हे दोन शब्द लक्षात ठेवा, ते थोड्या वेळाने आपल्यावरच येणार आहेत.

भाताचा विषय निघालाच आहे. आज इमारती आहेत तिथे डोंबिवलीच्या कडेला भातखाचरे होती, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. साचलेल्या पाण्याखालच्या चिखलात मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबाने ८० पट. त्या काळी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा अंदाज होता की भारतातील भातशेतीतून वर्षाला जवळजवळ ३.८ कोटी टन मिथेन निघतो. तो परदेशातल्या शेतांवरच्या मोजमापांवरून बांधलेला होता. १९९१ मध्ये डॉ. ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली आपल्या शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष भारतातल्या शेतांत मोजणी केली. आकडा निघाला सुमारे ४० लाख टन. नऊपटींहून जास्त फरक! बांधावर जाऊन मोजले नसते, तर तो पहिला आकडाच आपल्या नावावर चिकटून राहिला असता.

मिथेन आणि इतर वायू धरले की दरडोई आकडेही हलतात. भारत सुमारे ३ टन, चीन ११, अमेरिका १८, जग साडेसहा. म्हणून ‘कार्बन’ म्हणताना नुसता कार्बन डायऑक्साइड धरला आहे की सगळे हरितगृह वायू, हे विचारायचे. आपल्या कल्याणचे आधारवाडी डम्पिंग ग्राउंड २०२१ साली बंद झाले. तिथे धुमसणारा कचरा म्हणजेही मिथेनच. तो पहिल्या प्रकारच्या तक्त्यात दिसतच नाही.

तिसरा रकाना इतिहासाचा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, हे आपण पाठ केले आहे. साहिब, सिंध आणि सुलतान ही तिची इंजिने इंग्लंडहून आली होती. त्या काळात जगातला निम्म्याहून अधिक कोळशाचा धूर एकट्या ब्रिटनचा होता. कार्बन डायऑक्साइडचा काही भाग शेकडो वर्षे हवेत राहतो, म्हणजे त्या धुराचा काही अंश आजही आपल्या डोक्यावर आहे. १८५० पासूनची बेरीज केली तर अमेरिकेचा वाटा जवळजवळ एक चतुर्थांश, आजच्या युरोपीय संघातील देशांचा १७ टक्क्यांच्या आसपास, चीनचा १५ आणि भारताचा ३ ते ४ टक्के. ‘तापमान इथवर कोणी आणले?’ याचे उत्तर या रकान्यात आहे.

पण ‘इतिहास’ म्हटले की सगळे आजोबा-पणजोबांनी केले असे वाटते. तसे नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कराराची पहिली परिषद २८ मार्च १९९५ रोजी बर्लिनमध्ये सुरू झाली. आपली दहावीची परीक्षा नुकतीच आटोपली होती. त्या वर्षी जगाचे उत्सर्जन २३.५ अब्ज टनांच्या आसपास होते. औद्योगिक क्रांतीपासून आजवर कोळसा, तेल आणि वायू यांतून जेवढा कार्बन डायऑक्साइड निघाला, त्यातला सुमारे निम्मा आपल्या दहावीनंतर निघाला आहे. या काळात अमेरिकेचे वार्षिक उत्सर्जन थोडे घटले, भारताचे चौपट झाले, चीनचे साडेतीनपट. आपल्या पिढीच्या डोळ्यांदेखत निम्मा हिशेब लिहिला गेला. तेव्हा कोणालाच माहीत नव्हते, असेही म्हणता येत नाही.

चौथा रकाना मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, तो हद्दीचा. ठाकुर्लीचे पॉवर हाऊस आठवते? रेल्वेचे ते वीजकेंद्र कोळसा जाळायचे आणि त्या विजेवर लोकल धावायच्या. धूर ठाकुर्लीच्या आकाशात आणि प्रवासी बोरीबंदरला. आता ते बंद आहे. वीज दुरून येते. राज्यातले एक मोठे औष्णिक वीजकेंद्र चंद्रपूरला आहे. महाराष्ट्राच्या जिल्ह्यांची यादी केली तर चंद्रपूर वर जाईल आणि ठाणे स्वच्छ दिसेल. पण त्या विजेवरचा एसी कोणाच्या बेडरूममध्ये चालतो?

देशांचेही असेच आहे. अधिकृत हिशेबात धूर जिथे निघतो त्या देशाच्या नावावर लिहितात. डोंबिवली एमआयडीसीत रसायन तयार झाले आणि जर्मनीला गेले, तर त्याचा धूर भारताचा. ब्रिटनने १९९० च्या तुलनेत आपले उत्सर्जन निम्म्याने घटवले. कोळसा सोडला हे त्याचे खरे श्रेय आहे. पण बाहेरून आणलेल्या मालामागचा धूर मिळवला, तर घट बरीच कमी दिसते. वापरावर आधारलेला हिशेब केला की युरोपचा आकडा वाढतो, चीनचा आणि भारताचा काहीसा कमी होतो. लक्झेंबर्गची कथा तर मजेशीर आहे. तिथे इंधनावरचा कर कमी, म्हणून शेजारच्या देशांतल्या गाड्या तिथे टाकी भरतात आणि सगळा धूर त्या चिमुकल्या देशाच्या दरडोई आकड्यात जातो. आणि आंतरराष्ट्रीय विमाने? त्यांचे इंधन कोणत्याच देशाच्या बेरजेत धरत नाहीत, ते वेगळे नोंदवले जाते. न्यू जर्सीहून आलेल्या मंडळींनो, तुमच्या आजच्या प्रवासाचा धूर ना अमेरिकेचा, ना भारताचा! मुंबई-न्यूयॉर्क जाऊन-येऊन एका प्रवाशामागे साधारण दीड ते दोन टन होतात. म्हणजे एका सरासरी भारतीयाचे जवळजवळ एक वर्ष. तुम्ही आलात याचा आनंद आहेच, पण हिशेबात तो प्रवास कुठेतरी लिहायला हवा.

मग खरा रकाना कोणता? सगळेच खरे आहेत. प्रत्येक रकाना एकेका प्रश्नाचे उत्तर आहे. गडबड होते ती आपल्याला सोयीचा रकाना उचलण्यात. अमेरिकेतला माणूस एकूण आकडा सांगतो, आपण दरडोई सांगतो, ब्रिटिश माणूस टक्केवारीतली घट सांगतो. प्रत्येकाला आपले घर स्वच्छ दिसते.

म्हणून मला आज मुख्यतः आपल्याशी, ठाणे-कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्यांशी बोलायचे आहे. भारताची दोन टनांची सरासरी आपण ढालीसारखी वापरतो. ती सरासरी इतकी कमी कोणामुळे आहे? आपल्याच जिल्ह्यात शहापूर-मुरबाडचे पाडे आहेत. भातसा, तानसाचे पाणी शहापूर तालुक्यातून मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहतात. त्या घरांत एसी नाही, गाडी नाही. त्यांचा आकडा आपल्या आकड्यात मिळवून भागाकार केला, की आपण गरीब आणि निर्दोष दिसतो. जगासमोर त्यांचा हक्क मागायचा आणि घरी तो आपण वापरायचा, हे बरोबर नाही. जगण्यासाठीचे आणि चैनीचे, हा भेद आपण अमेरिकेला ऐकवतो. तो देशाच्या सीमेवर थांबत नाही.

घरचा हिशेब सोपा आहे. वर्षाच्या वीजबिलांतली युनिटे गुणिले ०.७ किलो. गॅसचा प्रत्येक सिलिंडर सुमारे ४२ किलो. पेट्रोलचे प्रत्येक लिटर २.३ किलो. विमानप्रवास वेगळा मिळवा. बेरजेला घरातल्या माणसांनी भागा. यात अन्न, कपडे, सिमेंट धरलेले नाही, तरीही कल्पना येते. दीड टनाचा एसी उन्हाळ्याच्या शंभर रात्री आठ-आठ तास चालला, तर एकटा सहाशे ते सातशे किलो खातो. अमेरिकेतल्यांनी गुणक निम्मा धरावा, कारण तिकडची वीज आपल्यापेक्षा कमी कोळशाची आहे. पण तिकडच्या सरासरी घराचा वापर महिन्याला ९०० युनिटांच्या आसपास असतो, हेही लिहावे. आणि लोकलला लोंबकळत जाणाऱ्यांनी मान ताठ ठेवावी. माणशी वीज इतकी कमी लागणारे दुसरे वाहन सापडणे कठीण.

२७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान अडकली आणि हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. पूर पूर्वीही येत, एकेका पुराचे खापर तापमानवाढीवर फोडता येत नाही. पण हवा एका अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, हे भौतिकशास्त्र आहे. कोसळणारे पाणी तुमचा दरडोई आकडा विचारत नाही. सर्वांत आधी ते तळमजल्यावरच्या आणि नदीकाठच्या घरात शिरते.

शाळेत गणित सोडवताना उत्तराबरोबर रीतही लिहावी लागे. नुसत्या उत्तराला सर पूर्ण गुण देत नसत. यापुढे देशादेशांचा कोणताही आकडा तुमच्यासमोर आला, तर चार गोष्टी विचारा. कोणता वायू? कोणत्या वर्षापासून? कोणाच्या हद्दीत? आणि भागिले काय? या चारांची उत्तरे मिळाली की भांडायला हरकत नाही. तेव्हा ते भांडण कामाचे होईल.