डोक्यावरचा साक्षीदार



आमच्या गल्लीत रात्रपाळीचे एक पहारेकरी राहतात. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. दोन वर्षांपूर्वी पहाटे ते कामावरून सायकलने परतत असताना मागून आलेल्या टेम्पोने त्यांना धडक दिली आणि टेम्पो न थांबता निघून गेला. चाचांच्या मांडीचं हाड मोडलं, चार महिने अंथरुणात गेले. जबाब घ्यायला आलेल्या पोलिसांनी पहिला प्रश्न विचारला, "गाडीचा नंबर?" चाचा म्हणाले, "पांढरा टेम्पो होता, साहेब." आता पांढरे टेम्पो शहरात काय कमी आहेत?

नंबर मिळाला असता, तर भरपाईचा दावा त्या गाडीच्या मालकावर आणि विमा कंपनीवर करता आला असता. वाहन अज्ञात राहिलं की सरकारी योजनेची ठरावीक रक्कम तेवढी उरते. २०२२ च्या योजनेनुसार ती मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये आहे. घरातला कमावता माणूस चार महिने पडून राहिला तर ५० हजार किती दिवस पुरतात, याचा हिशेब आपण घरोघरी करू शकता.

मीही रोज सायकल चालवतो. साखरेचा विकार आहे, डॉक्टरांनी सांगितलं आहे. पहाटेची नमाज झाली की सायकल काढायची, असा माझा शिरस्ता होता. चाचांचा अपघात झाला आणि माझी मुलगी हट्टाला पेटली. "अब्बा, एक तर सायकल सोडा, नाही तर हेल्मेटवर कॅमेरा लावा." मी म्हटलं, "बेटा, मी कविता लिहिणारा माणूस, सिनेमा काढणारा नव्हे." ती म्हणाली, "सिनेमा नकोच आहे. फक्त एक नंबर वाचता आला पाहिजे."

श्रोतेहो, कॅमेरा निवडताना हे एक वाक्य माझ्या फार कामी आलं.

हे अंगावर बांधायचे कॅमेरे मुळात खेळाडूंसाठी निघाले. कॅलिफोर्नियातल्या निक वुडमन या लाटांवर स्वार होणाऱ्या तरुणाने २००४ साली गोप्रो कंपनीचा पहिला कॅमेरा बाजारात आणला, तेव्हा त्यात साधी ३५ मिलिमीटरची फिल्म होती. आज अशा नामांकित कॅमेऱ्यांची चित्रं डोळ्यांचं पारणं फेडतात, पण किमतीही तशाच. माझी ऐपत पाच हजारांची. त्या किमतीतही डबे पुष्कळ दिसतात आणि जवळजवळ प्रत्येकावर 'फोर-के' असं ठळक छापलेलं असतं. ते वाचून भुलू नये. अनेक स्वस्त कॅमेऱ्यांत चित्र प्रत्यक्षात कमी ठिपक्यांचं टिपलं जातं आणि मग आतल्या आत ताणून मोठं केलं जातं. पाणी घालून वाढवलेल्या दुधासारखाच हा प्रकार. लिटर वाढतात, साय वाढत नाही. म्हणून दुकानदाराला विचारावं, "ताणल्याशिवाय, मूळचं चित्र किती?" मूळचं १०८० चं चित्र हे ताणलेल्या फोर-केपेक्षा भरवशाचं.

दुसरा मोह रुंद दृश्याचा. डब्यावर '१७० अंश' लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं, जितकं जास्त दिसेल तितकं चांगलं. थोडं गणित करू या. १०८० च्या चित्रात आडवे १,९२० ठिपके असतात. ते १७० अंशांत वाटले, तर एका अंशाच्या वाट्याला सुमारे ११ ठिपके येतात. मोटारीची नंबरप्लेट अर्धा मीटर रुंद. दहा मीटरवर ती जेमतेम तीन अंश जागा व्यापते. म्हणजे तीस-बत्तीस ठिपक्यांत दहा अक्षरं आणि आकडे बसवायचे! ते वाचता येत नाहीत. गाडी चार-पाच मीटरवर असेल तेव्हाच काही हाती लागतं. म्हणून ज्यात दृश्याची रुंदी कमी करायची सोय आहे, असा कॅमेरा घ्यावा आणि ती १२० अंशांच्या आसपास ठेवावी. सेकंदाला ६० चित्रं टिपण्याची सोय असेल तर तीही वापरावी. आपल्यापेक्षा ताशी ३५ किलोमीटर जास्त वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास दहा मीटर पुढे निघून जाते. तेवढ्या वेळात जितकी चित्रं जास्त, तितकं त्यातलं एखादं स्पष्ट निघण्याची शक्यता जास्त.

आमचा कॅमेरा आला. पहिल्या दिवशी नेहमीप्रमाणे पहाटे निघालो. घरी येऊन मुलीबरोबर चित्रण पाहिलं, तर एकही नंबर वाचता येईना. दिव्यांच्या रेघा आणि पुसटलेले पांढरे चौकोन. प्रकाश कमी असला की कॅमेऱ्याला एकेका चित्रासाठी जास्त वेळ डोळा उघडा ठेवावा लागतो आणि तेवढ्यात गाडी सरकते, अक्षरं फिसकटतात. दुसऱ्या दिवशी साडेसात वाजता तोच रस्ता, तोच कॅमेरा, आणि नंबर लख्ख. स्वस्त कॅमेऱ्याची मर्यादा तिथे कळली. आता मी नमाजनंतर घरी चहा घेतो, वर्तमानपत्र वाचतो आणि चांगलं उजाडल्यावर निघतो.

बाकीच्या बाबी थोडक्यात सांगतो. बॅटरी काढता-घालता येणारी असावी. लहान कॅमेऱ्याची बॅटरी तास-दीड तास चालते, म्हणून एक जादा बॅटरी खिशात असावी. तळहाताएवढ्या त्या यंत्राला उन्हात विसरून ठेवू नये, बॅटरी फुगते. मेमरी कार्ड ओळखीच्या दुकानातूनच घ्यावं, कारण बनावट कार्डांवर आकडा मोठा आणि जागा थोडी असते. १०८० च्या चित्रणाला तासाला साधारण सात ते नऊ जीबी लागतात. ६४ जीबीच्या कार्डात सात-आठ तास मावतात. कार्ड भरलं की सर्वांत जुनं पुसून त्यावर नवं चित्रण करण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते. ती चालू ठेवावी. मात्र काही घडलं, तर ताबडतोब चित्रण थांबवून कार्ड काढून ठेवावं, नाही तर हवं तेच पुसलं जाईल. आणि तारीख-वेळ रोज तपासावी. माझ्या कॅमेऱ्यात बॅटरी बदलली की तारीख कुठल्या कुठे जाते.

कॅमेरा बसवायचा म्हणून हेल्मेटला भोक मुळीच पाडू नये, त्याने हेल्मेटची ताकद जाते. हेल्मेटच्या झरोक्यांतून ओवायचा पट्टा मिळतो, तो पुरेसा आहे. कॅमेरा हलका असावा. शंभर-दीडशे ग्रॅम हातात काहीच वाटत नाहीत, पण तासाभराने मान सांगते. पावसात प्लास्टिकचं जलरोधक आवरण लागतं आणि त्यात आवाज दबतो. म्हणून माझ्या मुलीने मला एक युक्ती शिकवली आहे. कोणी घासून गेलं, की नंबर मोठ्याने म्हणायचा. चित्र हुकलं तरी आवाज राहतो. कवीला मोठ्याने म्हणायची सवय असतेच!

एक कायद्याची गोष्ट. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. त्यात चित्रफितींचा पुरावा होता. जुलै २०२० मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं, की मूळ उपकरण त्याच्या मालकाने स्वतः साक्ष देऊन हजर केलं तर ठीक, पण नक्कल द्यायची असेल तर कायद्यातलं प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यातही प्रमाणपत्राची अट आहे. म्हणून चित्रणात काटछाट करू नये, व्हॉट्सअॅपवर फिरवू नये, मूळ कार्ड जपून ठेवावं आणि पोलिसांकडे जावं.

आणि एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. पहिल्या आठवड्यातलं चित्रण पाहताना मुलगी एकाएकी थांबली. "अब्बा, हे बघा." सिग्नल लाल होता आणि मी रिकामा रस्ता पाहून सरळ पुढे गेलो होतो. पुढच्या वळणावर उलट्या बाजूने चाललो होतो. रोजच तसा जात असेन, पण कधी लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्याचा नंबर टिपायला घेतलेल्या कॅमेऱ्याने आधी माझीच साक्ष नोंदवली. तेव्हापासून मी लाल दिव्याला थांबतो. मागचे लोक हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

चाचा आता पुन्हा सायकल चालवतात, थोडे लंगडत चढतात एवढंच. परवा त्यांनी माझा कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. म्हणाले, "भाई, हा टेम्पो अडवतो का?" मी म्हटलं, "नाही चाचा, टेम्पो गेल्यावर नंबर सांगतो." ते हसले. "मग आधी मागचा लाल दिवा लावा. टेम्पोवाल्याला मीच दिसलो नव्हतो."

माझ्या सायकलला मागचा दिवा नव्हता. पाच हजारांचा कॅमेरा डोक्यावर, आणि दोन-तीनशे रुपयांचा दिवा घ्यायचं सुचलं नव्हतं. त्याच संध्याकाळी दोन दिवे आणले, एक माझ्या आणि एक चाचांच्या सायकलला. म्हणून श्रोतेहो, आपल्या घरातलं कोणी सायकल चालवत असेल, तर आधी हेल्मेट घ्या, मग मागचा दिवा, मग आरसा. त्यानंतर पैसे उरले, तर कॅमेरा जरूर घ्या. आणि घेतलात, तर पहिल्या आठवड्याचं चित्रण घरातल्या मुलांबरोबर बसून पाहा.